जमिनीवरचं घर घेताय? आधी घर नाही, जमीन बघा

(हा आपल्या ताज्या भागाचा लेखी अवतार आहे. बोललेलं थोडं आवरून-सावरून लिहिलंय. ऐकायला वेळ नसेल तर बसमध्ये बसून वाचून काढा, आणि घर शोधणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना पाठवा.)

आजचा विषय आमच्याच घरातला आहे.

बाबा रिटायर झाले आणि आईने अनेक वर्षं मनात ठेवलेलं वाक्य एकदाचं बोलून टाकलं. "मला आता खाली अंगण आणि वर आकाश असलेलं घर हवंय." पुण्यातला आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आजीचे गुडघे संपावर. मग काय, रविवार आला की रो-हाऊस बघायला निघायचं, हा आमचा कार्यक्रम झाला.

चौथ्या की पाचव्या रविवारी एक घर सगळ्यांना आवडलं. शहराच्या बाहेर, दीड गुंठ्यात, दोन मजली, पुढे पारिजातक. किंमत आजूबाजूपेक्षा बरीच कमी. बाबांनी त्याच संध्याकाळी ५१ हजार रुपये टोकन दिलं. पावती म्हणून मिळाला एक साधा कागद, खाली सही.

दोन दिवसांनी मामा आला. त्याने घराचे फोटो बघितलेच नाहीत. म्हणाला, "भावजी, सातबारा दाखवा." सातबारा काढला. त्यावर विकणाऱ्याचं नाव होतं खरं, पण त्याच्यासोबत आणखी १३ नावं होती! जमीन अजूनही शेतीची, क्षेत्र सगळ्यांचं सामाईक. म्हणजे घर दिसायला वेगळं, भिंत वेगळी, गेट वेगळं. पण कागदावर आमचा दीड गुंठा नेमका कुठला, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

व्यवहार मोडला. सहा महिने फेऱ्या मारल्यावर २५ हजार परत आले. उरलेल्या २६ हजारांना बाबा "शिकवणीची फी" म्हणतात. त्या शिकवणीत जे शिकलो आणि नंतर दुसरं घर घेऊन त्यात तीन पावसाळे काढताना जे कळलं, ते आज सांगते.

फ्लॅट आणि जमिनीवरचं घर यात फरक काय?

फ्लॅटमध्ये आपण खोल्या घेतो. खालची जमीन, गच्ची, टाकी, ड्रेनेज हे सगळं सोसायटी बघते. आपण महिन्याला मेंटेनन्स भरतो आणि ग्रुपवर "पाणी कधी येणार?" असं विचारतो.

बंगला किंवा रो-हाऊस घेतलं की सेक्रेटरी आपण, प्लंबरला फोन करणारे आपण आणि वॉचमनही आपणच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपण जमिनीचे मालक होतो. इमारत जुनी होत जाते, तिची किंमत घटते. टिकते आणि वाढते ती जमीन. पण भांडणं, आरक्षणं, पूर आणि कोर्टाच्या तारखा हेही जमिनीलाच चिकटलेलं असतं. म्हणून टाइल्स आणि मॉड्युलर किचन बघायच्या आधी जमीन बघायची.

सातबारा वाचायला शिका, पाच मिनिटं लागतात

गावाच्या हद्दीतल्या जमिनीचा असतो सातबारा. शहरात सिटी सर्व्हे झालेला असेल तर त्याऐवजी मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. दोन्ही मोबाईलवर बघता येतात. महाभूलेखच्या साइटवर माहितीपुरता उतारा फुकट दिसतो आणि डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. एका वडापावच्या किमतीत लाखोंचा धोका कळतो, तर काढायचा की नाही?

त्यात काय बघायचं?

पहिलं, नावं. विकणाऱ्याचं एकट्याचं नाव आहे की सोबत भाऊ, बहिणी, पुतणे आहेत? कंसात गेलेलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव. ते कसं कमी झालं हे फेरफारात कळतं, तो फेरफारही काढा. वडिलोपार्जित जमीन असेल तर बहिणींचं विचाराच. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. "ताई काही म्हणणार नाही हो" हे तोंडी चालत नाही. ताईंची सही किंवा नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र हवं.

दुसरं, भोगवटादार वर्ग. वर्ग १ असेल तर मालकाला साधारण मोकळेपणाने विकता येतं. वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. बक्षीस, इनाम, वतन, पुनर्वसनाच्या अशा बऱ्याच जमिनी यात येतात.

तिसरं, "इतर हक्क" हा रकाना. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, कोर्टाचा मनाई हुकूम या गोष्टी इथे दिसतात. लोक नेमका हाच रकाना वाचत नाहीत, कारण अक्षर बारीक असतं.

चौथं, प्रलंबित फेरफार. म्हणजे एखादी नोंद अजून मंजूर व्हायची आहे. ती कसली आहे हे कळेपर्यंत थांबा.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. सातबारा हा महसुली कागद आहे. त्यावर नाव असलं म्हणजे मालकी शंभर टक्के सिद्ध झाली, असं होत नाही. म्हणून वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्यायचा आणि पेपरात जाहीर नोटीस द्यायची. वकील तुमचा हवा. विकणाऱ्याने सुचवलेला "आपलाच माणूस" नको.

एनए, गुंठेवारी आणि "सगळे असंच घेतात"

आता तो सामाईक सातबारा कसा झाला, ते सांगते. महाराष्ट्रात १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पडू नयेत, हा त्यामागचा हेतू. मग पळवाट काय निघाली? एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्यातले गुंठा-दोन गुंठे वेगवेगळ्या लोकांना विकायचे आणि सगळ्यांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढवायची. जागेवर चुन्याने रेघा मारून प्लॉट दाखवायचे. त्या रेघा फक्त जागेवर असतात, कागदावर नसतात.

२०२५ मध्ये सरकारने शहरी भागातल्या अशा तुकड्यांना दिलासा जाहीर केला. त्याआधी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे आणि पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची संधी दिली गेली. एजंट हेच सांगतात, "आता सगळं रेग्युलर होतंय मॅडम." त्यांना एवढंच म्हणायचं, "छान. मग या प्लॉटचा नियमित झाल्याचा आदेश दाखवा." होऊ शकतं आणि झालंय, या दोन वाक्यांमधल्या फरकाची किंमत आम्ही २६ हजार मोजलीय.

दुसरी अडचण. जमीन शेतीचीच असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर महाराष्ट्रात ती सरळ विकतच घेता येत नाही. घरासाठी जमीन अकृषिक, म्हणजे आपण म्हणतो ती एनए, आणि लेआऊट मंजूर हवा. मंजूर लेआऊटच्या नकाशात तुमचा प्लॉट नंबर, आतले रस्ते आणि मोकळी जागा स्पष्ट दिसते. "फक्त नोटरी करून देतो, स्वस्तात होईल" असं कुणी म्हटलं, तर चहा प्या आणि निघा. नोटरीने मालकी बदलत नाही. खरेदीखताची दुय्यम निबंधकांकडे नोंदणीच व्हावी लागते.

आणि रेरा? ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा आणि आठपेक्षा जास्त घरं असतील, तर बिल्डरला प्रकल्पाची नोंदणी करावी लागते. छोट्या प्लॉटवरची चार-पाच रो-हाऊसेस त्यातून सुटतात. तिथे रेराची छत्री नाही, म्हणजे आपल्यालाच डोळे उघडे ठेवायचे.

आम्ही शिकलेली एक युक्ती सांगते. बाबा रोख पैशांत घर घेणार होते, म्हणून पहिल्या वेळी बँक मध्ये आलीच नाही. दुसऱ्या वेळी आम्ही मुद्दाम छोटं कर्ज काढलं, कारण बँकेचा वकीलही कागद तपासतो. बँकेने हो म्हटलं म्हणजे सगळं सोन्यासारखं असं नाही. पण बँकेने नाही म्हटलं, तर का म्हटलं हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मोजणी, रस्ता आणि झोन

कागदावर १,६०० चौरस फूट आणि जागेवर १,४५०, असं सर्रास निघतं. शेजाऱ्याने कंपाउंड घालताना हातभर आत घेतलेलं असतं. सरकारी मोजणी करून घ्या. भूमी अभिलेख खात्याचा माणूस येतो, हद्दी दाखवतो आणि नंतर नकाशाची "क प्रत" मिळते. वेळ लागतो, म्हणून विसारपत्र करण्याआधीच विक्रेत्याला अर्ज करायला सांगा. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. शेजारीही तिथेच भेटतात आणि बरंच काही बोलून जातात.

जाता जाता हिशोब: एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट आणि सातबाऱ्यावरचा एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १,०७६ चौरस फूट. दोन्ही एक नाहीत. बोलताना सगळे "गुंठा"च म्हणतात.

रस्ता बघताना विचारायचं, हा रस्ता कुणाच्या मालकीचा? नकाशात आहे की कुणाच्या शेतातून चांगुलपणावर चाललाय? चांगुलपणा पुढच्या पिढीत संपतो. आणि नगररचना खात्याचा झोन दाखला घ्या. घरावरून उद्या डीपी रोड किंवा शाळेचं आरक्षण जाणार आहे का, ते त्यात कळतं.

पाणी विसरत नाही

पुण्यातल्या लोकांना २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवत असेल. आंबिल ओढ्याला पूर आला, सोसायट्यांच्या भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. मग २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावरचे लोक निदान कोरडे असतात. आपल्या घरात तळमजला आपलाच.

बऱ्याच मोठ्या नद्यांना पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांत एकदा येऊ शकेल अशा पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा. आपली जागा त्या रेषांच्या कुठल्या बाजूला आहे हे विचारा. पण ओढे-नाले फसवतात. बुजवलेला ओढा नकाशावर दिसत नाही, पावसात दिसतो. म्हणून घर एकदा भर पावसात बघा. आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा, "काका, इथे पाणी कुठवर येतं?" तो दुकानाच्या भिंतीवर बोट ठेवून दाखवेल.

रोजच्या पाण्याचं वेगळं. "बोअरला भरपूर पाणी आहे" हे वाक्य डिसेंबरमधलं की मे मधलं, ते विचारा. महापालिकेचं कनेक्शन आहे का? नसेल तर उन्हाळ्यात टँकर किती लागतात? शेजारच्या दोन घरांत विचारलंत की खरा आकडा कळतो.

घराकडे आत्ता बघूया

मंजूर नकाशा हातात घेऊन घरभर फिरा. नकाशात गच्ची आहे आणि प्रत्यक्षात खोली? नकाशात मोकळी सोडलेली बाजूची जागा आणि प्रत्यक्षात पत्र्याची शेड? हे वाढीव बांधकाम विकत घेतलंत की नोटीसही तुमच्याच नावाने येते. भोगवटा प्रमाणपत्र मागा.

भेगा बघा. प्लास्टरच्या केसासारख्या भेगा चालतात. पण दाराच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली, नाणं शिरेल एवढी भेग असेल तर इंजिनिअरला बोलवा. आपल्याकडे काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पाया खाली मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत गेला नसेल, तर घर दर वर्षी थोडं हलतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी बघून पोटात गोळा येतो खरा, पण पाया दुरुस्त करण्याच्या खर्चापुढे ती काहीच नाही.

भिंतींना खालच्या बाजूला हात लावा, ओल आहे का? दाराच्या चौकटीपाशी मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी. नुकताच रंग दिलेलं घर असेल तर जास्त संशय घ्या. आणि रो-हाऊसची मधली भिंत सामाईक असते. ती ओली झाली तर दुरुस्ती कुणी करायची, हे शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवा.

राहायला गेल्यावर

आमचं आत्ताचं घर जुनं आहे, पण कागद स्वच्छ. पहिल्याच जूनमध्ये आईच्या खोलीत छतावर भारताचा नकाशा उमटला! गच्चीचा कोबा उतारावर नव्हता, पाणी साचत होतं. तेव्हापासून नियम केलाय: मे संपायच्या आत गच्ची झाडायची, पाइपच्या तोंडातली पानं काढायची, बादलीभर पाणी ओतून उतार बघायचा.

ड्रेनेजची लाइन नसेल तर सेप्टिक टँक असतो. तो नक्की कुठे आहे, हे विकणाऱ्याकडून दाखवून घ्या. आम्ही विचारलं नव्हतं. नंतर अंगणात तीन ठिकाणी खणलं, तेव्हा सापडला.

झाडं आपली असली तरी शहरात ती आपल्या मर्जीने तोडता येत नाहीत. १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. म्हणून भिंतीला चिकटून वड-पिंपळ उगवला तर रोप असतानाच काढा.

साप येतात. अंगणात विटांचा, लाकडांचा ढीग ठेवू नका आणि जवळच्या सर्पमित्राचा नंबर फ्रीजवर लावून ठेवा. गावाला जाताना फ्लॅटसारखं कुलूप लावून निघता येत नाही. शेजारच्या काकूंना चावी द्यावी लागते आणि त्यांच्या वेळी आपण त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायचं. कंटाळा येतो, पण खरी सिक्युरिटी हीच.

आणि पैसे. मेंटेनन्स नाही म्हणून खूश होऊ नका. फ्लॅटमध्ये भरत होतो तेवढी रक्कम आम्ही दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकतो. दुसऱ्या वर्षी गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं, पंप बदलला. सगळे पैसे त्यातूनच निघाले, कुणाकडे हात पसरावा लागला नाही.

मग एवढं सगळं कशासाठी?

छप्पर आपलं असतं म्हणून. आम्ही गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं. पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं आणि कुणाची एनओसी मागायला जावं लागलं नाही. १०० चौरस मीटरच्या छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी होतं. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. करा हिशोब, सत्तर हजार लिटर. त्यातलं थोडं जरी बोअरपाशी मुरवलं तरी मे महिना सुसह्य होतो.

आणि आजी. तिची खोली तळमजल्यावर आहे, बाथरूम शेजारीच. हे घर निवडताना आम्ही हीच एक अट सोडली नाही. तुमचे आई-बाबा आज साठीचे असतील तर दहा वर्षांनंतरचा जिना आजच मनात चढून बघा. आजी आता रोज सकाळी काठी टेकत अंगणात जाते. तीन वर्षं ती त्या तिसऱ्या मजल्यावरून फक्त दवाखान्यासाठी उतरायची.

एका श्रोत्याने मेसेज केलाय, "ताई, बजेट कमी आहे, गुंठेवारीतलं घर निम्म्या किमतीत मिळतंय, घेऊ का?" दादा, ते निम्म्या किमतीत का मिळतंय, याचं उत्तर कागदावर मिळालं तर विचार कर. तोंडी मिळालं तर त्यापेक्षा भाड्याने राहा. भाडं गेलं तर महिन्याचं जातं. इथे बापाची आयुष्यभराची कमाई जाते.

म्हणून पुढच्या रविवारी घर बघायला जाल तेव्हा फोनचा कॅमेरा नंतर काढा. आधी गट नंबर विचारा, तिथेच उभं राहून सातबारा उघडा आणि नावं मोजा. टोकन त्यानंतर.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि पावसाळा यायच्या आधी गच्ची झाडा!